वांगं डब्याच्या बाहेर

“आगु! आगु!” शाळेचे शिपाई डोमाजीकाका तेलुगूत ओरडले. मग मराठीत ‘थांब!’, मग हिंदीत ‘रुको!’ यंत्रगाडीला तिन्ही भाषा येत नव्हत्या. झेंडूचा हार घेऊन तिनं पांढरी रेघ ओलांडली, पाहुण्यांच्या खुर्चीला वळसा घातला आणि ती थेट काकांच्या पायात घुसली. काका बाकावर चढले.

आदिलाबादच्या उन्हाळी संगणक शिबिराचा उद्या समारोप होता. गाडीनं रेघेवर थांबून पाहुण्यांना हार द्यायचा होता.

“चाक बिघडलं!” जयदीप सर म्हणाले. सकाळी ते बॅटरी म्हणाले होते. “आज नाही सुधारली तर गाडी रद्द!”

“सर, मी शोधू चूक?” यामिनीनं विचारलं. तिला दिसत नव्हतं, पण टायपिंगमध्ये तिचा हात कोणी धरू शकत नसे. “आणि सापडली तर उद्या गाडी मीच चालवणार!”

“अगं, गाडीच्या प्रोग्रॅमात टायपिंग नसतं. रंगीत पेट्या माउसनं ओढून एकमेकींत अडकवायच्या. तुला कसं जमेल?” असं म्हणून सर चहाला गेले.

यामिनीनं लॅपटॉपमधला वाचून दाखवणारा आवाज सुरू केला.

“चित्र,” आवाज म्हणाला. “चित्र. चित्र. चित्र.”

“याले एकच शब्द येते!” तिचा भाऊ निहार म्हणाला. “माह्या तेलुगूच्या तोंडी परीक्षेसारखं!”

“पेट्यांले नावंच नाही दिली कोणी. मले हाताले लागंल असं काही द्या न!”

तिची मैत्रीण चैत्राली शिबिराच्या स्वयंपाकघरात पळाली आणि लिंबू-वांगं घेऊन आली. तिनं आपला जेवणाचा डबाही रिकामा केला, म्हणजे निहारनं केला.

“लिंबू म्हंजे ‘पुढे जा’. वांगं म्हंजे ‘थांब’. डबा म्हंजे ‘रेघ दिसली तर’.” पडद्याकडे बघत चैत्रालीनं सगळं बाकावर मांडलं.

“भाजी काऊन करून राह्यले रे?” काकांनी विचारलं.

“प्रोग्रॅम हाय, काका!”

“तरी मीठ टाकजा.”

यामिनीनं लिंबू चाचपलं. मग डब्यात हात घातला. “हा तर रिकामा हाय!”

“वांगं हाय न, डब्याले चिटकून. पडद्यावर तसंच दिसते.”

“चिटकून हाय, का आत हाय?”

निहारनं चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. ‘थांब’ची पेटी केसाएवढी फट ठेवून बाहेरच होती! रेघ दिसली की गाडी डब्यात बघायची, आत काहीच नसायचं, मग बिचारी पुढे जायची.

“ढकल तिले आत!” यामिनी म्हणाली.

खट्! गाडी निघाली. काका आधीच बाकावर चढले. गाडी रेघेवर थांबली!

“पण मी सकाळपासून बघतोय!” चहा पिऊन परतलेले सर पुटपुटले.

“सर, पेट्यांना नावं द्या,” यामिनी म्हणाली. “मग मलाही बघता येईल.”

सरांनी खुर्ची ओढली आणि एकेका पेटीला नाव दिलं. पेट्या माउसशिवाय हलवायची सोयही शोधली. “रेघ दिसली तर. आत, थांब,” लॅपटॉप म्हणाला. यामिनीची बोटं पळू लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं कळ दाबली. गाडी रेघेवर थांबली. पाहुण्या कुमुदिनीबाईंनी हार उचलला.

“शाबास! कोणी शिकवलं तुला?”

“तिनंच मला शिकवलं,” सर म्हणाले.

बाईंनी हार यामिनीच्या गळ्यात घातला. दुसरा हार नव्हता. बाई बिनहाराच्याच उभ्या राहिल्या आणि त्यांनी भाषणही दोनच वाक्यांत आटोपलं. पोरांनी त्याचंही श्रेय यामिनीलाच दिलं.