आतून आलेले दोन ठोके

आमचं घर बौद्ध. भूतखेत, अंगात येणं, उतारा असल्या गोष्टींना आमच्या दारात थारा नाही. त्यामुळे हे मी लिहितोय म्हटल्यावर घरचेच लोक चिडणार आहेत. चिडू देत. माझ्या मामाने उभ्या आयुष्यात एक थाप मारली नाही, आणि हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

तेव्हा रात्रही नव्हती...

१९७६ चा जानेवारी. भर दुपार. दौंडच्या बाहेर, शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक कारखाना होता. त्याचं नाव सांगत नाही.

तिथे मोठमोठी बंद भांडी बनायची. रसायनांच्या कारखान्यात ज्यांच्या पोटात प्रचंड उष्णता आणि दाब कोंडतात, तसली. त्यांना क्रोम-मॉलीची जाड प्लेट लागते. साधं लोखंड जिथे मऊ पडून फुगायला लागतं, तिथे ही प्लेट ताठ राहते. पण वेल्डिंगला महाखट. आधी तापवायची, आणि काम संपेपर्यंत तापलेलीच ठेवायची. मध्येच थंड पडली तर जोडाला बारीक तडा जातो आणि अख्खं भांडं भंगारात जातं.

म्हणून खाली गॅसचे बर्नर पेटवायचे. गोल वळवलेल्या प्लेटच्या दोन्ही तोंडांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे जाड पडदे सोडायचे.

आणि आत वेल्डर बसणार.

त्या दिवशी आत चांगदेव होता. मामाचा जिवलग मित्र. पडद्याबाहेर माझा मामा, मच्छिंद्र.

मामाचं काम एकच. आतला माणूस दिसत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने प्लेटवर हातोडीचे तीन ठोके मारायचे. आतून दोन ठोके आले की माणूस ठीक आहे.

सकाळी चांगदेव एकदा पाणी प्यायला बाहेर आला. तोंड लालभडक झालं होतं.

"आत हवाच न्हाई रं," तो म्हणाला. "पंखा बी गरम वाराच फेकतोय."

"मग थांब जरा. बर्नर बंद करू."

फोरमन सोपानराव तिथेच उभे होते. "बर्नर बंद व्हणार न्हाई, मच्छिंद्र. जॉब तडकला तर जिम्मेदार कोण?"

चांगदेव हसला. "जाऊ द्या, सायेब. निम्मा जोड तर झालाय. उरकतो आन् येतो."

पडदा सारून तो आत गेला.

त्या सोपानरावांचा मला आजही राग येतो. माणसापेक्षा प्लेटची काळजी जास्त.

मामाने तीन ठोके मारले.

टक... टक.

दुपार झाली. जेवणाचा भोंगा वाजला. चांगदेव बाहेर आला नाही.

मामाने हाका मारल्या. आवाज आला नाही. पण ठोके मारले की आतून दोन यायचे. पडद्याच्या फटीतून निळा उजेड लखलखायचा. काम चालू होतं.

मामाला राहवेना. पडदा उचलायला त्याने हात पुढे केला...

टक... टक.

या वेळी मामाने ठोके मारलेच नव्हते.

तो थांबला. वाटलं, मध्ये लुडबूड नको म्हणून चांगदेव आपणहून सांगतोय. थोड्या वेळाने पुन्हा हात पुढे केला, पुन्हा तेच.

ऊन कललं. आतला उजेड विझला. मामाने पडदा वर केला, आणि आतली हवा तोंडावर आली तशी त्याला भोवळ आली.

चांगदेव पालथा पडला होता.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "याला जाऊन बरेच तास झालेत. दुपारच्या आधीच गेलाय."

तुम्ही म्हणाल, गरम प्लेटवर पडलेलं अंग, डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल. मामाही तेव्हा हेच म्हणाला. पण मग तो जोड?

चांगदेव बरोबर मध्यावर पडला होता...

जोड मात्र शेवटपर्यंत पूर्ण झाला होता.

जोडाच्या टोकाला त्याच प्लेटचा एक तुकडा लावलेला असतो, तपासणीसाठी. तो कापून मशीनमध्ये ओढतात, वाकवतात, घणाने तोडून बघतात. ओढताना प्लेट तुटली, जोड तुटला नाही. वाकवताना तडा नाही. घणाच्या घावालाही जोड पुरून उरला. तपासणीचे साहेब खूश झाले. वेल्डर कोण, म्हणून त्यांनी विचारलं. सोपानरावांनी त्यांना चहाला नेलं.

चांगदेवचं पुण्यानुमोदन झालं. इकडे भांड्याची दोन्ही तोंडं बंद झाली. आत जायला फक्त माणूस शिरेल एवढं भोक राहिलं. मग अख्खं भांडं मोठ्या भट्टीत शेकून निघालं. आता एकच तपासणी उरली होती. आत काठोकाठ पाणी भरून दाब द्यायचा.

त्याच्या आदल्या दिवशी मामा हातोडीने वरचे पोपडे झाडत होता. हाताच्या सवयीने सलग तीन ठोके पडले.

आतून...

टक... टक.

मामा हातोडी टाकून पळाला. पाय त्याला थेट चांगदेवच्या खोलीवर घेऊन गेले. ठोक्यांचं आणि उद्या भरायच्या पाण्याचं त्याने धापा टाकत सांगितलं. सोजरबाईंनी, चांगदेवच्या बायकोने, त्याचं तोंड बघितलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"चला भावजी. काय आसंल ते मला दावा."

जेवणाची सुट्टी चालू होती. शेडमध्ये कोणी नव्हतं. सोजरबाईंनी स्वतः हातोडी उचलून तीन ठोके मारले.

दोन आले.

"आत हायेत ते," त्या म्हणाल्या.

"वैनी, आत कुनी न्हाई. आपणच माती दिली ना त्याला?"

"मग हे कोण हाय? आन् उद्या ह्यात पाणी भरणार म्हंता. त्यांच्या अंगावर?"

मामाने भोकाकडे बघितलं. शेवटी तो म्हणाला, "मी आत जातो. हात छातीशी धरून बसतो. तुम्ही भाईरून ठोका. काय बी येणार न्हाई. मग तरी तुमची खात्री पटंल."

तो भोकातून आत उतरला. थंडीचे दिवस, प्लेट गार पडलेली. चांगदेव पडला होता त्या जागेजवळ तो बसला आणि त्याने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले.

बाहेरून तीन ठोके आले.

शांतता...

आणि मग मामाच्या कानाला लागून...

टक... टक.

मामाने तिथे हात लावला आणि झटकन मागे घेतला. बाकी सगळी प्लेट गार होती. तेवढी एकच जागा चटका बसेल इतकी गरम होती.

तेवढ्यात भोकाशी सोजरबाईंचा चेहरा आला. त्या काळी आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. सोजरबाईंच्या तोंडून ते कधी कुणी ऐकलं नव्हतं. पण त्यांनी आत वाकून हाक मारली.

"चांगदेव! झालं काम. चला घरी."

मामाच्या खांद्याला घासून कोणीतरी पुढे गेलं...

कसाबसा तो बाहेर आला, तोवर सोजरबाई फाटकापर्यंत पोचल्या होत्या. हळूहळू चालत होत्या. एक हात अंगापासून जरा लांब धरलेला, मूठ मिटलेली. रस्त्याच्या अगदी कडेने जात होत्या, शेजारी एका माणसाची जागा सोडून. एकदाही त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी भरलं. मामाने छातीवर दगड ठेवून तीन ठोके मारले. उत्तर आलं नाही. दाब दिला, पाण्याचा थेंब गळला नाही. ते भांडं दौंडहून रेल्वेच्या वाघिणीने कुठल्या कुठे निघून गेलं.

मामाने तो कारखाना सोडला आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी विकायला बसला. ज्या मित्राच्या ताटात जेवला, त्याच्या घरी जायचं मात्र टाळायचा. मला ते पटायचं नाही. एकटी विधवा बाई, तिची विचारपूस नको का करायला? एकदा मी तोंडावर तसं बोललो.

मामाने हातातला तराजू खाली ठेवला.

"गेल्तो की येकदा," तो म्हणाला. "वैनी दारातच उभ्या व्हत्या. हसून म्हणल्या, या भावजी, बसा... हे घरीच हायेत."

आजही दौंडला गेलो तरी सोजरबाईंच्या गल्लीत मी पाऊल टाकत नाही.