वेस्ट रूममधला वास

कोविडमध्ये माझं नाक गेलं, ते परत आलंच नाही. हिंग नाही, फिनेल नाही, काही म्हणता काही नाही. आमच्या घाटकोपरच्या कॉलेजातल्या केमिस्ट्री विभागाचे प्रमुख मार्तंड सर, त्यांना यात सोय दिसली. "अपूर्वा, वेस्ट रूम तूच सांभाळ. तुला कुठे वास येतो?"

सगळे हसले. मीही हसले. टाकाऊ रसायनांचे कॅन ठेवतात तिथे गळती सगळ्यात आधी नाकाला कळते. ती खोली राखायला बसवलं कोणाला, तर मला. जोडीला सम्यक होता, एवढाच आधार. तो लेबलं लावायचा, मी आम्लं आणि सॉल्व्हंट वेगवेगळ्या कपाटांत ठेवायचे.

एका दुपारी तिथे मला वास आला. तव्यावर करपत आलेल्या सुकटीचा. आनंदाने रडूच फुटलं. घरी गेल्या गेल्या हिंगाची डबी नाकाला लावली, अगरबत्ती पेटवली. काही नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदू कधीकधी खोटे वास तयार करतो, लक्ष देऊ नका.

मी लक्ष दिलं. वास एकाच कॅनपाशी दाटत होता. हलवून पाहिला तर तळाला तडा, खाली क्लोरोफॉर्म ओघळलेलं.

पुढच्या खेपेला तोच वास मला नायट्रिक आम्लाच्या बाटलीकडे घेऊन गेला. कोणीतरी शहाण्याने तिच्यात ॲसिटोन ओतून झाकण घट्ट लावलं होतं. हात जवळ नेला तर धग लागली. आम्ही पळालो, मजला रिकामा केला. जरा वेळाने आत काच फुटली.

"तुला कळतं कसं गं?" सम्यकने विचारलं.

"वास येतो."

"कसला?"

"आहे एक."

सुकट म्हटलं असतं तर त्याने वर्षभर माझी टर उडवली असती.

त्यानंतर मी त्या वासावरच विसंबले. खोलीत शिरायचं, क्षणभर थांबायचं. वास नाही, म्हणजे सगळं ठीक. विज्ञान शिकलेल्या बाईने असं वागावं याची लाज वाटायची. पण जीव वाचत होते.

काल खोलीत वास नव्हता. कॅन कोरडे, झाकणं बरोबर. फार हलकं वाटलं.

सम्यक आत आला आणि माझ्याजवळ थबकला. त्याने नाक ओढलं, मग पुन्हा ओढलं.

"आज डब्यात सुकट आणलीस ना? करपलीय यार जरा."

मी डबा आणलाच नव्हता.