डबीतले भस्म

कुंभारीच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर वेणीमाधव पुराणिक यांची सकाळ ठरलेल्या क्रमाने उलगडत असे. आधी स्टोव्ह पेटे. त्यावर सुया आणि पिचकाऱ्या उकळत ठेवल्या की ते तोंडाला दुपदरी फडके बांधत, हातांत रबरी मोजे चढवत आणि औषधी भुकटीच्या पुड्या बांधायला बसत. पुड्या संपल्या की ओल्या कापडाने टेबल पुसायचे, हात धुवायचे आणि मगच चहा. बाहेर ताटकळलेले शेतकरी या सोवळ्याची थट्टा करीत. म्हैस बरी होईल, पण डॉक्टरांची आंघोळ काही संपायची नाही, असे ते म्हणत. कोंबडीखाद्याच्या गिरणीचे मालक चन्नप्पा तेवढे कधी हसले नाहीत. पुड्या बांधणे चालू असेल तर ते फाटकाबाहेर, वाऱ्याच्या उलट अंगाला उभे राहत.

त्या दिवशी एका खोंडाचा खूर धुऊन झाला होता. वेणीमाधव चहाचे आधण ठेवीत होते, तोच निंगव्वा अनवाणी धावत आली.

"डाक्टरसाहेब, माज्या गुंडाला फौजदारानं धरलंय. चन्नप्पा मालकाला इख घातलं म्हनत्यात. फासावर देतील की पोराला."

तिला ओट्यावर बसवून त्यांनी सारी हकिकत काढून घेतली. चन्नप्पा पहाटे पूजेला बसले आणि पूजेतच कोसळले. तिचा मुलगा गुंडा त्यांच्या गिरणीत खाद्य कालवण्याच्या कामावर होता, आणि आज पहाटे तो मालकाच्या ओसरीवर दिसला होता. यापुढे खाद्यात औषधाची भुकटी कालवणार नाही, एवढेच सांगायला गेला होता, असे निंगव्वा म्हणाली. पण गेल्या पावसाळ्यात त्याचा जोडीदार शिवयोगी कालवता कालवता मेला, तेव्हा गुंडाने नव्या पेठेत मालकाच्या दुकानापुढे उभे राहून शपथ घेतली होती: तुलाबी असाच मातीत घालीन. ती शपथ अर्ध्या सोलापूरने ऐकली होती.

वेणीमाधवांनी स्टोव्ह विझवला आणि सायकल काढली.

चन्नप्पांच्या घरी फौजदार एकनाथराव पंचनामा करीत होते. प्रेत लिंगायत रीतीप्रमाणे भिंतीला टेकवून बसवले होते. कपाळावर, दंडांवर भस्माचे ताजे पट्टे होते. पण वेणीमाधवांची नजर पट्ट्यांखाली गेली. ओठ आणि पापण्या टरारून सुजल्या होत्या. गळ्यावर गांधी उठल्या होत्या. श्वास घशातच कोंडून माणूस गेला होता.

"गिरणीतली भुकटी असणार," एकनाथराव हलक्या आवाजात म्हणाले. "गुंडाच्या हाताशीच असते ती. चहातून दिली असेल."

वेणीमाधवांनी मयताचे धाकटे भाऊ ईश्वरप्पा यांच्याकडे वळून विचारले, "चहा घेतला होता?"

"पूजेआधी? आमच्या घरात पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाहीत."

"पूजेत काय काय झालं?"

"रोजचंच. दादांनी भस्म लावलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं. त्याच डबीतलं मी लावलं, वहिनींनी लावलं, स्वयंपाकीण अक्कम्मानं लावलं. आम्ही धडधाकट आहोत. की तुमची खात्री पटावी म्हणून आम्हीही मरून दाखवू?"

"गुंडा देवघरात आला होता का?"

"बिनआंघोळीचा माणूस देवघरात? त्याला ओसरीची पायरी चढता येत नाही, डॉक्टर."

ईश्वरप्पा हे अभिमानाने बोलले. आपण गुंडाचा फास सैल केला, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. एकनाथरावांच्या आले. त्यांनी लिहिणे थांबवले.

वेणीमाधव मागे विहिरीवर गेले. तिथे अक्कम्मा भांडी घाशीत होती. तिच्या कपाळावरही भस्म होते. देवघरात कसले भस्म असते, असे त्यांनी सहज विचारले.

"गोळी असती की. मठातनं आनत्यात. मालक वल्या तळव्यावर घासून लावायचे. काल रातीला मालकीन जगदेवीअक्कानं कुटून डबीत भरली. गोळी हाताला टोचती म्हनल्या."

"आणि मयताला डबीतलंच लावलं?"

"मी डबीच आनाय उठले व्हते. अक्का म्हनल्या, ती ऱ्हाऊ दे. मठाकडं मानूस धाडला, नवी गोळी आली, मग लावलं. उशीर लई झाला, दीर चिडले. पर अक्का ऐकंनात."

वेणीमाधवांनी रहाटाने पाणी शेंदले. मग त्यांनी चार पोहरे अंगावर ओतून घेतले आणि ओल्या धोतरानिशी, ईश्वरप्पांची नाराज परवानगी घेऊन देवघरात गेले. नाकाला फडके लावून त्यांनी पितळी डबी बाहेर आणली. क्षणभर फडके दूर केले. राखेच्या वासाखाली बुरशीचा एक कुबट, उग्र वास होता. रोज सकाळी तोच वास त्यांच्या टेबलावर असे.

चन्नप्पांची पत्नी जगदेवी सोप्यात खांबाला टेकून बसली होती. मरण पावलेला शिवयोगी तिचा पाठचा भाऊ. तिच्यासमोर वेणीमाधवांनी डबी ठेवली आणि बोलणे एकनाथरावांना उद्देशून सुरू केले.

"दुष्काळ सरल्यावर आपल्या जिल्ह्यात कोंबडीपालन वाढलं आणि या गिरणीत पेनिसिलिनची भुकटी पोत्यांनी येऊ लागली. बहुतेकांना ती काही करत नाही. एखाद्याच्या शरीराला मात्र ती वैरीण असते. त्याला चिमूटभर पुरते. म्हणून एकाच डबीतलं भस्म चौघांनी लावलं आणि एकच गेला. चन्नप्पांना आपला हा दोष ठाऊक होता. मी याच भुकटीच्या पुड्या बांधत असलो की ते फाटकाच्या आत येत नसत."

"पण हे करणारा कोण?" एकनाथरावांनी विचारले.

"ज्याला देवघरात जाता येतं, असा. गोळीत भुकटी मिसळता येत नाही. त्यासाठी गोळी कुटावी लागते. ती जगदेवीबाईंनी कुटली. तरीही मला खात्री नव्हती. खात्री पटली ती मयताला नवी गोळी लावली म्हणून. डबी तिथंच रिकामी झाली असती तर पुरावा चन्नप्पांबरोबर जमिनीत गेला असता. डबीत काय आहे हे जाणणाऱ्यानंच तो मुद्दाम मागं ठेवला. बाई, का ठेवलात?"

जगदेवीने पदर सावरला. तिचा आवाज कोरडा होता.

"सूड माझा होता. त्यात देवाचं भस्म ओढलं, एवढं पाप पुरे झालं. मेलेल्या माणसाला खोट्या भस्मानं वाटेला लावणं माझ्या हातून झालं नाही."

"वहिनी, गप्प बसा," ईश्वरप्पा म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही दोघांनी मला वर्षभर गप्पच बसवलं." ती वेणीमाधवांकडे वळली. "शिवयोगी गेला तेव्हा यांनी सांगितलं, फेफरं आलं. डॉक्टर यायच्या आत माती दिली. मी मानलं. दिवाळीत हे तापानं फणफणले. इस्पितळात डॉक्टरनं सुई उचलली, तर हे हात जोडून म्हणाले, पेनिसिलिन देऊ नका, तरुणपणी एकदा दिलं होतं, सूज येऊन मरता मरता वाचलो. मी उशाशीच उभी होते. त्या क्षणी मला माझ्या भावाचं सुजलेलं तोंड दिसलं. यांना सगळं ठाऊक होतं, डॉक्टर. स्वतः कधी त्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही, आणि माझ्या भावाला सांगितलं, पिठासारखं असतं, कालव. त्याच्या तोंडाला बांधायला हातभर कापड लागलं असतं. नव्या पेठेत यांच्या दुकानासमोर कापडाचीच दुकानं आहेत."

"आणि गुंडा?"

"त्याला धरतील असं वाटलं नव्हतं. माती झाली की मी स्वतः चौकीवर येणार होते. माझ्या माणसाला माती देण्यापुरती थांबले." ती खांबाला धरून उठली. "वाईट वाटतं का म्हणून विचारू नका. वाटत नाही."

एकनाथरावांनी प्रेत इस्पितळात हलवायला सांगितले आणि बाईंना शांतपणे जीपकडे नेले. ईश्वरप्पांनी वेणीमाधवांना सोप्याच्या कोपऱ्यात गाठले. आवाजात आता आर्जव होते. घरची बाई डोक्यानं फिरली, एवढं पुरे आहे. त्या पोराचं मरण कशाला उकरता? गिरणी बंद पडेल, साठ घरं उपाशी मरतील. शिवाय सरकारी नोकराची बदली कुठंही होऊ शकते. जिल्ह्याच्या पार टोकाला, केम गावी म्हणे जागा रिकामी आहे. वेणीमाधवांनी सायकल काढली आणि चौकीची वाट धरली.

चौकीत गुंडाला सोडले होते. निंगव्वा त्याच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवीत होती, जणू पोर अजून तिथेच आहे ना हे बघत होती. एकनाथरावांनी कागद पुढे ओढला आणि जबाब कुठून सुरू करू, असे विचारले.

"चन्नप्पांपासून नको," वेणीमाधव म्हणाले. "असं लिहा. गेल्या पावसाळ्यात शिवयोगी नावाचा तरुण याच भुकटीने मेला असावा, असे माझे मत आहे. ती माणूस मारू शकते, हे मालकाला स्वतःच्या शरीरावरून माहीत होते. तरीही आजतागायत त्या खोलीत माणसे उघड्या तोंडाने, उघड्या हातांनी ती कालवत आहेत."

एकनाथरावांनी मान वर केली. "ईश्वरप्पा तुम्हाला सोडणार नाही, डॉक्टर."

"लिहा."

पेन कागदावरून चालू लागले. वेणीमाधवांनी मजकूर सावकाश वाचला, खाली सही केली. मग त्यांनी बाहेर उभ्या गुंडाला आत बोलावले आणि शिवयोगीच्या शेवटच्या घटकेचा साक्षीदार म्हणून त्याला बसायला आपली खुर्ची मोकळी करून दिली.