नऊवरून सातवर

तपासनीस बाई लाँड्रीच्या बॉयलरखोलीत शिरल्या, तेव्हा भिंती अजून ओल्याच होत्या. काल दुपारी बॉयलर फुटला होता. तो चालवणारा मिस्त्री जागीच गेला होता.

दाराशी फळ्यावर इंजिनियरच्या अक्षरातली चिठ्ठी होती : 'रिड्यूस प्रेशर टू २.' अक्षरं ठसठशीत. शेजारी खिळ्याला नोंदवही लटकत होती. तिची शाई ओघळली होती, पण दाबाचे आकडे लागत होते. नऊ, आठ, सात. मग दोन तास सातच.

"पत्र्याला चीर होती. दाब दोनवर आणायचा होता," इंजिनियर म्हणाला. "भावजी होते माझे. इंग्रजी वाचताना घोळ झाला असणार."

"चिठ्ठी कधी लावलीत?"

"काल सकाळी. त्यानंतर कोणी हात लावलेला नाही."

बाई त्याला घेऊनच मिस्त्रीच्या घरी गेल्या. मिस्त्रीची बायको, म्हणजे इंजिनियरची बहीण, मटार सोलत बसली होती. डोळे कोरडे.

"मिस्त्रींना इंग्रजी येत होतं?"

"मुलीचा अभ्यास तेच घ्यायचे. ह्याचे अर्जसुद्धा तेच तपासून द्यायचे."

"काल काही बोलले?"

"जेवायला येत नाही म्हणून फोन केला. म्हणाले, दाब सातवर आणलाय, आता इथेच थांबतो."

बाई इंजिनियरकडे वळल्या.

"वाफेनं वहीची शाई ओघळली. शेजारच्या चिठ्ठीला मात्र ओल लागली नाही. कारण ती स्फोटानंतर लावली. आधीच्या चिठ्ठीत 'रिड्यूस बाय २' होतं. बाय म्हणजे दोनने कमी, नऊचे सात. टू म्हणजे दोनपर्यंत. त्यांनी बरोबर वाचलं. तुम्ही चुकीचं लिहिलंत."

इंजिनियरने खिशातून पहिल्या चिठ्ठीचा चुरगळलेला, डागाळलेला कागद काढला.

"मला दोन्ही एकच वाटायचं. भावजींनी फोन करून विचारलं होतं, 'बायच ना रे?' मला वाटलं, पुन्हा माझ्या इंग्रजीच्या चुका काढतायत. चिडून म्हटलं, लिहिलंय तसं करा. स्फोटानंतर माझ्या लक्षात आलं."

"चूक झाली, ते समजू शकते," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी बदललीत, तो गुन्हा."

बहिणीने हातातली शेंग खाली ठेवली. भावाकडे पाहिलं नाही.

"मुलगी चारला शेजारणीकडून येईल," ती बाईंना म्हणाली. "तिचा मामा आहे हा. त्याआधी घेऊन जा."