गेलेल्यांचा फोल्डर

“हेमा, असलेले आणि गेलेले एकत्र करायचे नाहीत. कम्प्युटर बदललात तरी नाही.”

हे तिच्या सासऱ्यांचं, शरच्चंद्रांचं, शेवटच्या आजारपणातलं बोलणं. हेमा माझी मावसबहीण. देवासमोर बसून सांगितलंय तिने, म्हणून यातलं अक्षरही मी खोटं मानत नाही.

कोथरूडचा फ्लॅट. मागच्या संकष्टीची तिन्हीसांज.

सासऱ्यांनी घरचे सगळे फोटो दोन फोल्डरमध्ये ठेवले होते. ‘आहेत’ आणि ‘गेले’. कुणी गेलं की तेराव्यानंतर त्या माणसाचे फोटो ते स्वतः दुसरीकडे हलवायचे. मग हात जोडायचे.

नवा कम्प्युटर आला आणि हेमाच्या नवऱ्याने, पुष्करने, सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतले. हा कम्प्युटर चेहरे ओळखून फोटो आपले आपण लावतो, म्हणाला. हेमाने अडवलं, तर म्हणे, “बाबांनी घरात यमाची शाखा काढली होती. आता बंद झाली.”

जुना कम्प्युटर भंगारात गेला.

त्याच दिवशी त्यांच्या दुसरीतल्या लेकीला, स्वरालीला, ताप भरला. औषधं झाली, ताप हटेना. आणि पोर कॉटच्या अगदी कडेला, अंग चोरून झोपू लागली.

संकष्टीला हेमा दिवा लावून जपाला बसली. पुष्कर ऑफिसात होता.

आतल्या खोलीतून आवाज आला...

टक्.

माऊसचा.

ती आत गेली. लेक कॉटवर पडलेली. कम्प्युटरसमोरची खुर्ची रिकामी.

स्क्रीनवर स्वरालीच्या वाढदिवसाचा फोटो होता. कम्प्युटरने चेहऱ्यांभोवती चौकटी आखल्या होत्या. एक स्वरालीभोवती. आणि एक...

मागच्या कोऱ्या भिंतीवर.

खाली प्रश्न होता : ‘ही तीच व्यक्ती आहे का?’ शेजारी जुना, काळा-पांढरा फोटो. दोन वेण्यांची मुलगी. सासऱ्यांची बहीण मंदा. लहानपणीच तापाने गेलेली.

टक्.

शाळेतला फोटो. चौकट रिकाम्या जागेवरच... पण स्वरालीच्या जवळ.

टक्.

गेल्या आठवड्यातला. चौकट स्वरालीच्या खांद्याला टेकलेली.

“आई,” कॉटवरून स्वराली म्हणाली, “मंदाला सांग ना. सारखी सरक म्हणते. आता मी पडेन.”

हे नाव तिच्यासमोर कुणी कधी घेतलं नव्हतं.

हेमाने पुष्करला फोन केला. त्याला टोमणा सुचला नाही. निघालो, एवढंच म्हणाला.

तिने लेकीला मांडीवर घेतलं आणि स्क्रीनसमोर बसली.

“आत्याबाई, तुमची जागा तुम्हाला परत करते. शब्द देते. पण हिची जागा मागू नका.”



फोटो हजारो होते. तिने ‘गेले’ नावाचा फोल्डर केला. मंदाचा फोटो त्यात सरकवला. हात जोडले.

खांद्यावरची चौकट हलली नाही...

हेमाने गेलेल्यांतला पुढचा फोटो उचलला.