डाळजच्या काठावरची काळी फीत

"तेजूताई, हलू नगंस! तू हललीस की ते पाखरू जास्तच फडफडतंय!"

गावातला दोस्त अविराज दबक्या आवाजात ओरडला, पण तेजश्रीला स्वस्थ उभं राहवेना. उन्हाळ्यानं उजनी धरणाचं पाणी मागं हटलं होतं आणि डाळजच्या काठाला उघड्या पडलेल्या चिखलात एक चित्रबलाक अडकला होता. त्याच्या गुलाबी पायांना आणि लांब चोचीला कसली तरी काळी, चकचकीत फीत गुंडाळली गेली होती. तो सुटायला धडपडला की फीत आणखीच आवळायची.

"घोष, टॉवेल टाक त्याच्या डोक्यावर!"

तेजश्रीच्या धाकट्या भावानं, बुद्धघोषनं, गळ्यातला टॉवेल फेकला. पहिला नेम चुकला, पण दुसरा बरोब्बर बसला! डोळ्यांपुढं अंधार होताच पक्षी निवला. अविराजनं अलगद चोच धरली आणि तेजश्रीनं नेलकटरनं एकेक वेढा तोडला. शेवटचा वेढा सुटला, टॉवेल बाजूला झाला आणि चित्रबलाक दोन लंगडी पावलं टाकून पाण्यावरून उडाला!

"उडाला! उडाला!" गुडघ्याएवढ्या चिखलात बुद्धघोष नाचू लागला. "पण ताई, ही फीत कसली गं?"

तेजश्रीनं फीत बोटांत धरून निरखली. तिनं फीत कुठं पाहिली होती, ते तिला पक्कं आठवत होतं.

बारामतीहून तेजश्री आणि बुद्धघोष सुट्टीला अप्पांकडे, म्हणजे आजोबांकडे आली होती. मेघनाआत्याला दवाखाना काढायचा होता, म्हणून अप्पांची बंद खोली रिकामी करायची ठरलं. खोलीत छतापर्यंत व्हिडिओ कॅसेटी होत्या! अप्पांचं पूर्वी इंदापुरात व्हिडिओ सेंटर होतं. सिनेमांच्या कॅसेटी, टीव्ही, व्हीसीआर, सगळं ते गावोगाव भाड्यानं द्यायचे. आता व्हीसीआरही उरला नव्हता आणि कॅसेटींना बुरशी चढली होती. अप्पा प्रत्येक कॅसेटवरचं नाव वाचायचे, बोटानं धूळ पुसायचे, मग पोत्यात टाकायचे. पोरांनी पोती शिवली. शेजारचा दिग्विजयमामा आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. बारामतीच्या ई-कचरा केंद्रात पोती पोचवायची, असं ठरलं होतं.

"कॅसेटीच्या आत असली फीत असते," तेजश्री म्हणाली. "ही आपलीच आहे."

"आरं तिच्या!" अविराजनं काठाकडे बोट दाखवलं. "ती बाभळ बघा!"

वेड्या बाभळीच्या काट्यांवर काळ्या झिरमिळ्या फडफडत होत्या. पुढच्या झाडावरही, त्याच्या पुढच्याही! वाऱ्यानं फिती सगळ्या काठावर पसरवल्या होत्या. त्या कुठून येतायत, ते काही कळेना. आणि वारा वाढत होता. पलीकडे पाण्यात पक्ष्यांचा थवाच्या थवा चरत होता.

"पळा! मामाला गाठू," तेजश्री म्हणाली.

दिग्विजयमामा पारावर बसून मोबाईल बघत होता.

"मामा, पोती कुठं टाकलीत?"

"कुठं म्हंजी? बारामतीला दिली की!" त्यानं मान वर केली नाही.

"केंद्र कसं हाय वो? मोठं हाय?" अविराजनं विचारलं.

"केंद्रासारखं केंद्र! काय पोरं हाईत! जावा, खेळा तिकडं."

आता काय करायचं? मोठा माणूस, त्यातून शेजारचा. खोटारडा कसं म्हणायचं? तेजश्री जागच्या जागी चुळबुळत राहिली. एकाएकी तिचे डोळे चमकले.

"घोष," ती मामाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्यात लग्नाच्या कॅसेटी पण असतील का रे? अप्पा तेव्हा लग्नांचं शूटिंग करायचे ना? फुलाकाकूंच्या लग्नाचं कुणी केलं होतं?"

फुलाकाकू म्हणजे दिग्विजयमामाची आई! सगळी आळी तिच्या आवाजाला वचकून असे.

मामाचा मोबाईल खाली आला. "आईच्या लग्नाची? त्यात व्हती?"

"काय माहीत! पण केंद्रातच दिलीत ना? मग परत मिळेल की!"

"व्हय... व्हय. मिळंल की." मामा उठला, चप्पल उलटी घातली, सुलटी केली आणि छोटा हत्ती चालू करून सुसाट निघाला. बारामतीच्या रस्त्याला नाही, तर थेट पाण्याकडे!

"सायकली!" तेजश्री ओरडली. "घोष, तू अप्पांना घेऊन ये!"

धुरळ्याच्या मागोमाग दोघं निघाली. चढावर अविराजच्या सायकलची साखळी उतरली, तशी सायकल आडवी टाकून तो पळतच सुटला. जुन्या दगडखाणीपाशी गाडी उभी होती. खाली खड्ड्यात कुत्र्यांनी फाडलेली पोती, फुटलेल्या कॅसेटी आणि फितींचं भलंमोठं जाळं! त्यात मामा गुडघे टेकून घाईघाईनं नावं वाचत होता.

"मामा," तेजश्री वरून म्हणाली, "बारामती इतकी जवळ कधी आली?"

मामा दचकून उभा राहिला. "आगं... त्या दिवशी दुसरं भाडं व्हतं. म्हटलं, नंतर नेऊ..."

"एक चित्रबलाक मरता मरता वाचला!" ती खाली उतरू लागली. "फितीनं चोच बांधली गेली होती त्याची. दुपारपर्यंत आणखी किती अडकतील?"

मामानं हातातली कॅसेट खाली ठेवली. तेवढ्यात अप्पा आले, बुद्धघोष आला आणि पदर खोचून साक्षात फुलाकाकू आली!

"दिग्या!" तिनं वरूनच हाक मारली. "हितं घाण टाकलीस? भर ती पोती! आन् मग बाभळी साफ कर, काटं मोडलं तरी चालंल!"

"आई, तुझ्या लग्नाची कॅसेट शोधत व्हतो गं..."

"माझी? ती तर लग्नानंतर म्हयन्यातच अप्पांनी घरी आणून दिली हाय! कपाटात हाय माझ्या!"

मामानं तेजश्रीकडे पाहिलं. "म्हंजी तू..."

"मी नुसतं विचारलं होतं, मामा!"

अविराज इतका हसला की फितीच्या ढिगात बसला!

मग दुपारभर सगळे राबले. काटे बोचले, ऊन चटकलं. तेजश्रीला तर पाणी प्यायलाही थांबवत नव्हतं. एक झाड झालं की दुसऱ्याकडे पळायची. शेवटी काठावर काळं काही दिसेना, तेव्हा गच्च भरलेला छोटा हत्ती बारामतीला निघाला. या वेळी मामाशेजारी अप्पा बसले आणि पोरं मागं पोत्यांवर.

केंद्रात शेवटचं पोतं आत गेलेलं डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठं तेजश्रीनं मोकळा श्वास घेतला.

"चूक माझीबी हाय," अप्पा हळूच म्हणाले. "कॅसेटी जाताना बघवायचं न्हाय, म्हणून मी सगळं दिग्यावर सोपवलं. पोरांनो, तुमी लई मोठं काम केलंत!"

"अप्पा, वाईट वाटतंय का?" तेजश्रीनं विचारलं.

"थोडं वाटणारच की." मग अप्पा मिस्कील हसले. "आयुष्यभर पिक्चर भाड्यानं दिले बघ. एकूण एक पिक्चरात पोलीस सगळं संपल्यावर यायचे. तुमी मात्र येळंवर आलात!"