टाकीमागच्या हिरव्या माश्या

"हलू नकोस! उडेल ती!" रिद्धी कुजबुजली.

मे महिन्याचं रखरखीत ऊन. रिद्धी, प्राची आणि राजरत्न राहत त्या अंबरनाथमधल्या इमारतीमागे अळवाच्या पानावर एक माशी उभी होती. काटकुळे लांब पाय, चकाकतं हिरवं अंग! रिद्धीने मोबाइलला भिंग लावून फोटो काढला आणि कीटकांच्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिला.

"डोक्यावरच्या अँटेनाच्या अगदी टोकाला केस आहे. क्रायसोसोमा!"

"माशीचं नाव आहे की गोळीचं?" राजरत्न हसला.

प्राचीला हसू आलं नाही. तिचा धाकटा भाऊ सोनू कालपासून दवाखान्यात होता. जुलाब थांबतच नव्हते. इमारतीतली आणखीही मुलं आजारी होती. सेक्रेटरी कल्पेशकाका म्हणत, "पाणीपुरी खातात, दुसरं काय!" पण सोनूने पाणीपुरी खाल्लीच नव्हती.

"ही राहते कुठे गं?" प्राचीने उगाच विचारलं.

"बसते पानांवर. पण हिच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात."

"ओल? इथे? ह्या उन्हात?"

तिघंही खाली वाकली. राजरत्नने काठीने माती उकरली. खाली काळा, घाण वासाचा चिखल! एका बाजूला गटाराचं चेंबर, दुसऱ्या बाजूला पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी. "गटाराचं पाणी टाकीत तर जात नसेल?" प्राची म्हणाली.

कल्पेशकाकांनी धड ऐकूनही घेतलं नाही. "माशी बघून प्लंबर बोलवू? चलो, खेळा जाऊन!"

मग तिघांनी घरोघरी जाऊन सांगितलं, "नळाचं पाणी पिऊ नका!" आणि कपड्यांच्या निळीच्या बाटल्या चेंबरमध्ये रिकाम्या केल्या.

सकाळी कल्पेशकाका तोंडाला पेस्टचा फेस घेऊनच खाली धावले. "नळाला निळं पाणी! कुणाचा उद्योग हा?"

"नीळ आम्ही टाकली, काका," प्राची पुढे येत म्हणाली, "पण गटाराच्या चेंबरमध्ये. ती तुमच्या नळात कशी आली?"

काकांचा चेहरा उतरला. टाकी उपसली, तर चेंबरकडच्या भिंतीला हातभर चीर! तळमजल्यावरच्या जनाबाईंनी तिघांना जवळ घेतलं. "लेकरांनो, मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही शोधलंत!"

"माझंच चुकलं," काका पुटपुटले, आणि स्वतःच्या स्कूटरवरून प्राचीला दवाखान्यात घेऊन गेले.

काकांकडून सगळं ऐकून डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली. "शाब्बास! आता नवे पेशंट तरी येणार नाहीत."

प्राचीचं लक्ष खाटेकडे होतं. सोनूचे डोळे खोल गेले होते. त्याने हळूच तिचं बोट धरलं.

"ताई, भूक लागली."

इतका वेळ दाबून धरलेलं रडू तेव्हा कुठे फुटलं.